गोधडीच्या कटिंग मॅटला खान्देशचा उन्हाळा सोसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या महिलांसाठीच्या पानावर गोधडी, पॅचवर्क आणि क्विल्टिंग यांविषयी अधूनमधून चांगला मजकूर येतो. रंगसंगती, ठिगळांची मांडणी, टाक्यांचे प्रकार यांवर भरपूर लिहिले जाते. परंतु ज्या हिरव्या कटिंग मॅटवर हे सारे कापड कापले जाते, तिच्या निगेबद्दल फारसे काही वाचायला मिळत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शिवणवर्गांत, बचत गटांत आणि घरोघरी ही मॅट दिसू लागली आहे, आणि तितक्याच सहजपणे ती एक-दोन उन्हाळ्यांत वाकडी होऊन माळ्यावर पडलेलीही दिसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

कात्रीने कापणाऱ्यांना या मॅटची गरज नसते. गोल फिरत्या पात्याचा रोटरी कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली आणला. त्या पात्याची धार न घालवणारे आणि टेबलही चिरू न देणारे काहीतरी कापडाखाली असावेच लागते, ते काम ही मॅट करते. चांगली मॅट पीव्हीसीच्या एकावर एक बसवलेल्या थरांची असते. वरचे थर मऊ, आतला थर कडक. पाते आत शिरले की मऊ प्लास्टिक बाजूला सरते आणि पाते पुढे गेले की चीर पुन्हा मिटते. दुकानदार हिला ‘आपोआप भरून येणारी मॅट’ म्हणून विकतात, त्यात खोटे काही नाही. मात्र त्या चिरेत काही अडकलेले नसेल आणि प्लास्टिकने तापून आकार सोडलेला नसेल, तरच ती भरून येते, हे सांगायचे राहून जाते.

उष्णतेबद्दल आधी लिहिते, कारण आपल्याकडे मॅट कापून कमी आणि तापून जास्त खराब होते. मॅटसोबत सूचनेचा कागद आलाच, तर त्यावर ऊन व उष्णता टाळावी एवढे एक वाक्य इंग्रजीत असते. ते लिहिणाऱ्याने भुसावळचा मे महिना पाहिलेला नसतो. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहूनही अधिक तापते, आणि गोधड्या शिवण्याचा आपला हंगाम नेमका हाच असतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, शेतातली कामे जरा थांबलेली असतात, आणि पाऊस लागायच्या आत पांघरुणे तयार व्हावीत अशी घरोघरी घाई असते. म्हणजे ज्या दिवसांत मॅट सर्वांत जास्त वापरात येते, तेच दिवस तिला सर्वांत जास्त बाधतात. मातीच्या जाड छताच्या धाब्याच्या घरात ज्यांचे शिवणकाम चालते, त्यांना हा त्रास कमी होतो. सिमेंटच्या स्लॅबखाली आणि पत्र्याखाली राहणाऱ्यांनी मात्र मॅट कुठे ठेवायची याचा विचार करायलाच हवा.

माझा अनुभव असा आहे की मॅटसाठी घरातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे खालच्या मजल्यावरची फरशी, तीही पलंगाखाली. तिथे ती पूर्ण सपाट पडून राहते आणि तिच्यावर ऊनही येत नाही. माळा, गच्चीवरची खोली, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवणे, फ्रिजच्या मागची फट, ही सगळी ठिकाणे वाईट. भिंतीला तिरकी टेकवलेली मॅट स्वतःच्या वजनाने हळूहळू पोटात बाक घेते, आणि हा बाक टेबलावर अंथरेपर्यंत लक्षातही येत नाही. जागेची अडचण असेल तर दोन चिमट्यांनी धरून ती सरळ लोंबती टांगावी. चारचाकीच्या डिकीत ती मुळीच विसरू नये. कडक उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी सहज वाढते. एसटीने वर्गाला जाताना गुंडाळी करून रबर लावण्याची सवयही सोडावी. ऑनलाइन मागवलेली मॅट कधीकधी गुंडाळलेलीच हाती येते. तशी आली, तर खोका आला त्याच दिवशी ती सपाट अंथरून वर वजन ठेवणे बरे.

इस्त्रीबद्दलही लिहायला हवे. ठिगळे जोडताना प्रत्येक शिवण दाबून बसवावी लागते, आणि उठायचा कंटाळा म्हणून अनेक जणी मॅटवरच टॉवेल टाकून इस्त्री फिरवतात. टॉवेल मॅटला वाचवत नाही. कापडातून झिरपलेली ऊब तिला पुरेशी असते आणि त्या जागी एक फुगवटा उठतो, जो पुढे प्रत्येक पट्टी वाकडी कापायला लावतो. गरम चहाचा कप ठेवल्याने उमटलेले वर्तुळही त्याच जातीचे.

वाकडी झालेली मॅट सरळ होते का, असे मला वारंवार विचारले जाते. कोपरा किंचित उचलला असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात सपाट फरशीवर ती मऊ पडेपर्यंत ठेवावी, मग लगेच सावलीतल्या सपाट जागी सरकवून वर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर धान्याचे भरलेले डबे ठेवून रात्रभर राहू द्यावी. वजन प्लायवूडमुळे सगळीकडे सारखे पसरले पाहिजे. नुसते डबे ठेवले तर त्यांच्या बुडांचे ठसे उमटतील. मध्यभागी लाटा उठलेल्या मॅटवर मात्र हा उपाय चालत नाही. तिचा जो भाग अजून सपाट आहे, तो धारदार कटरने वेगळा काढून लहान ठिगळांसाठी वापरावा.

आता सफाईकडे वळते. मॅट मळली म्हणून कापायला त्रास देत नाही, तिच्या चिरांत तंतू भरले म्हणून देते. पाते कापडातून खाली जाताना कापलेल्या सुताची बारीक टोके चिरेत ढकलते. साध्या विणलेल्या सुती कापडाचे तंतू थोडेच अडकतात. परंतु गोधडीच्या पोटात घालायचे पॉलिस्टरचे अस्तर, फ्लीस किंवा कापसाची पातळ गादी कापली की त्या चिरेत अक्षरशः लव उगवते. चीर मिटत नाही, वर आलेल्या तंतूंवर पुढचे कापड नीट बसत नाही, पात्याखाली ते दबते पण तुटत नाही, आणि पट्टी उचलताना मध्येच एखादा धागा अडून राहतो. मग हात आणखी जोर लावतो, आणि त्या जोराने मॅट आणखी खोल चिरली जाते.

दोष मॅटचा आहे की पात्याचा, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. सर्वसाधारण वापरातले पाते ४५ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे एका फेऱ्यात ते साधारण १४ सेंटिमीटर अंतर कापते. टाचणीवरून गेल्यामुळे पात्याची धार एखाद्या ठिकाणी तुटली असेल, तर न तुटलेला धागा प्रत्येक १४ सेंटिमीटरवर पुन्हा भेटतो. तसे नसून कापड कितीही सरकवले तरी मॅटवरच्या त्याच चौकटीपाशी धागा सुटत असेल, तर त्या जागी मॅट भरली आहे किंवा घासली गेली आहे. पात्याला नावे ठेवण्यापूर्वी आणि नवी मॅट घेण्यापूर्वी एवढी पाहणी अवश्य करावी. रात्री दिवे बंद करून बॅटरीचा झोत मॅटच्या कडेने आडवा टाकला, तर सगळ्या भरलेल्या चिरा पांढऱ्या रेघांसारख्या उठून दिसतात. ते एकदा पाहिलेल्या बाईला सफाईचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

रोजची सफाई कोरडीच असावी. काम संपले की जुन्या मऊ टूथब्रशने चिरांच्या दिशेने झाडावे, मग मास्किंग टेपची चिकट बाजू दाबून उचलावी. पेन्सिलीच्या रेघांना पांढरे खोडरबर पुरते, आणि खोडरबराचा भुसा जाता जाता थोडे तंतूही ओढून नेतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मात्र मॅटला पाणी दाखवावे. परदेशी सूचनांत ती बाथटबमध्ये भिजवा असे सांगितलेले असते. आपल्या घरांत त्यासाठी मोरी आहे. मोरीच्या तोंडाशी कापडाचा बोळा दाबून पाणी अडवावे, फरशी घासून स्वच्छ करावी आणि मॅट सपाट अंथरावी. चार लिटर गार पाण्यात पाव कप पांढरा व्हिनेगर आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब, हे प्रमाण पुरेसे आहे. पंधरा-वीस मिनिटे भिजल्यावर मऊ ब्रशने गोल गोल हळुवार घासावे, म्हणजे चिरांतले तंतू फुगून वर येतात. लहान मॅट असेल तर मोठ्या परातीतही काम भागते.

पाणी गारच हवे, हे मुद्दाम लिहिते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी हाताला चटका देते. ते थेट मॅटवर सोडू नये, सकाळचे भरून ठेवलेले वापरावे. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे त्यांनी धुतल्यानंतर मॅट लगेच सुती फडक्याने टिपून घ्यावी, नाहीतर क्षारांचा पांढरा थर चौकटींच्या रेघांवर बसतो आणि आकडे दिसेनासे होतात. नंतर ती पंख्याखाली सपाट वाळवावी. दोरीवर वाळत घातलेली मॅट मध्येच दुमडून राहते.

भिजवल्याने मॅट पाणी पिते आणि तिच्यात पुन्हा जीव येतो, अशी एक समजूत शिवणकाम करणाऱ्यांत पसरलेली आहे. पीव्हीसी पाणी पीत नाही. भिजवल्यावर मॅट चांगली चालते ती चिरा मोकळ्या झाल्यामुळे, आणि त्यासाठी ती तासन्‌तास बुडवून ठेवण्याची काही गरज नाही. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा रॉकेल यांनी डाग काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. डागाबरोबर रेघा जातात आणि प्लास्टिकचा पृष्ठभागही बिघडतो. बॉलपेनचा डाग राहिला तर राहू द्यावा, तो कापडाला लागत नाही एवढी खात्री करून घेतली की झाले.

वापराबद्दल थोडेच. नेहमी त्याच एका रेघेवर कापू नये. मॅट अधूनमधून फिरवावी, आणि दोन्ही बाजू वापरण्याजोग्या असतील तर उलटावीही. मुलांना शाळेच्या प्रकल्पासाठी ही मॅट देऊ नये, कारण कागद कापायचा सरळ कटर तिरका धरला जातो आणि तो मॅटची सालपटेच काढतो. ती भरून येत नाहीत. वळणदार आकार कापताना मोठे पाते मॅटला पिळते, तिथे २८ मिलिमीटरचे लहान पाते घ्यावे. आणि पाते बोथट झाले की बदलावे. नव्या पात्याचे पैसे जिवावर येतात हे मला ठाऊक आहे. परंतु बोथट पात्यावर जोर देऊन आपण जी मॅट चिरतो, तिची किंमत अनेक पात्यांइतकी असते.

हे सगळे दुकानातच सांगितले गेले असते, तर या पत्राची वेळ आली नसती. जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षण वर्गात मी स्वतः पाहिले की नव्याकोऱ्या मॅट वर्ग संपल्यावर गुंडाळून, दोऱ्याने बांधून, पत्र्याच्या छताखालच्या लोखंडी कपाटावर ठेवलेल्या होत्या. तिथल्या बाईंचा यात काही दोष नव्हता. साहित्य पुरवणाऱ्याने त्यांना एक शब्द सांगितला नव्हता. बचत गटांना आणि वर्गांना शिवणसाहित्य पुरवणाऱ्यांना माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे की त्यांनी मॅट गुंडाळून न देता पुठ्ठ्यावर सपाट बांधून द्यावी, बिलासोबत अर्ध्या पानाची मराठी सूचना जोडावी, आणि मागणीच्या यादीत मॅटच्या जोडीला सुटी पातीही धरावीत. वर्ग चालवणाऱ्या संस्थांनी पहिल्या दिवशी कटर हातात देण्याआधी मॅट कुठे ठेवायची ती जागा दाखवावी. आपल्या महिलांच्या पानावर फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढायच्या आत, यासाठी एखादा रकाना देता आला तर तो कापून वर्गाच्या भिंतीवर लावायला आम्ही तयार आहोत.

कळावे,

आपली विश्वासू,
एक शिवणकाम शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव