‘बोहेमियन रॅप्सडी’तले गळे तीनच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

क्वीन या ब्रिटिश बँडच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या गाण्याच्या पन्नाशीनिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मराठी पुरवणीत या गाण्याला अर्धं पान मिळालं याचा मनापासून आनंद झाला. मात्र लेखात तीन चुका आहेत, आणि त्यातली पहिली तर दुरुस्त व्हायलाच हवी, कारण या गाण्यामागची खरी मेहनत तिच्यामुळे झाकली जाते.

गाण्याच्या मधल्या, ऑपेराच्या ढंगाच्या भागासाठी गायकांचा मोठा ताफा बोलावला होता, असं लेखात म्हटलं आहे. असा ताफा कधीच नव्हता. तिथे तीनच गळे आहेत: बँडचा मुख्य गायक आणि या गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. मेचा आवाज खालच्या पट्टीतला, मर्क्युरीचा मधला भरदार, आणि सगळ्यांच्या वर जाऊन टोचणारा तो बारीक सूर टेलरचा. बास वाजवणारा जॉन डीकन या गाण्यात गायलेलाच नाही.

ध्वनिमुद्रण २४ ऑगस्ट १९७५ रोजी वेल्समधल्या मॉन्मथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं आणि पुढे लंडनच्या आणखी स्टुडिओंत चाललं. निर्माता होता रॉय थॉमस बेकर. हाताशी दोन इंची टेप, तिच्यावर चोवीस ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज धरणाऱ्या समांतर पट्ट्या. पियानो, बास, ड्रम आणि गिटार यांनी त्यातली बरीच जागा खाल्ली, की कोरससाठी उरतात ते मोजकेच ट्रॅक. मग एकच उपाय राहतो, बाउन्स करणं. समजा, तिघांनी एक ओळ एकाच सुरात तीनदा गायली, तर तीन ट्रॅकवर नऊ आवाज झाले. ते नऊ आवाज मिसळून एका ट्रॅकवर उतरवायचे, आधीचे तीन ट्रॅक पुसून मोकळे करायचे आणि वरच्या सुराला हात घालायचा. असं करत एकंदर १८० वेळा आवाजावर आवाज चढवले गेले. तिघं दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास गात होते.

यात काय बिघडू शकतं, हे आज लॅपटॉपवर गाणी करणाऱ्या मुलांना सांगावं लागतं. एकदा बाउन्स केलं की मागे फिरता येत नाही. नऊपैकी एक आवाज जरा खाली उतरला असेल, तर तो कायमचा त्या मिश्रणात अडकतो. दुसरं म्हणजे, प्रत्येक प्रतीला टेपची सळसळ वाढते आणि आवाजाची वरची झळाळी थोडी उडते. इथे तर शेवटी आठव्या पिढीच्या, म्हणजे प्रतीवरून प्रत काढत गेलेल्या, प्रती वापराव्या लागल्या. तिसरा धोका टेपच्या अंगालाच होता. आवाज धरून ठेवतो तो टेपवरचा लोहाच्या ऑक्साइडचा तपकिरी थर, आणि यंत्राच्या हेडवर, म्हणजे आवाज उतरवणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, टेप पुन्हा पुन्हा घासली की तो झिजतो. या गाण्याची टेप उजेडासमोर धरली तर आरपार दिसू लागलं होतं. गाणं अक्षरशः पुसलं जात होतं, तेव्हा घाईने तिची प्रत काढावी लागली.

शिवाय हा भाग सलग मुद्रित झालेलाच नाही. पात्याने टेप कापायची, तुकडा बसवायचा, चिकटपट्टी लावायची. या भागात ‘गॅलिलिओ’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो; मर्क्युरीला आणखी एक ‘गॅलिलिओ’ सुचला की बेकर टेपचा आणखी एक तुकडा जोडत असे. वाचकांनी चांगले हेडफोन लावून ३ मिनिटं ५ सेकंदांपासून ४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतचा तुकडा ऐकावा. ‘मॅग्निफिको’ या शब्दाशी विशेष थांबावं. तिथे एकेक सूर एकामागून एक येतो आणि आलेला सूर धरून ठेवला जातो. देवळातल्या लहानमोठ्या घंटा पाठोपाठ वाजवल्यासारखा तो परिणाम आहे. त्याआधी, अंगावर काटा आल्याची ओळ येते तिथे एक किणकिण ऐकू येते. ती पियानोची नाही. मे तिथे गिटारच्या तारा, त्या जिथे टेकतात त्या ब्रिजच्या पलीकडच्या आखूड बाजूला छेडतो.

दुसरी चूक प्रकाशनाची. व्हिडिओमुळेच गाणं लोकांपर्यंत पोहोचलं आणि १९९१ मध्ये ते पहिल्यांदा अव्वल आलं, असं लेखात आहे. क्रम नीट लावू या. गाण्याची लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. तेव्हाची सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची छोटी तबकडी, साधारण तीन मिनिटांची असे, म्हणून ते कापा असा ईएमआय या तबकडी कंपनीचा आग्रह होता. बँड अडून बसला. लंडनच्या कॅपिटल रेडिओचा निवेदक केनी एव्हरेट याला आगाऊ प्रत मिळाली होती, ती हवेवर लावायची नाही या बोलीवर. त्याने दोन दिवसांत ती १४ वेळा लावली आणि दुकानांत लोक विचारू लागले. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ईएमआयने सिंगल काढली. व्हिडिओचं चित्रीकरण त्यानंतर, १० नोव्हेंबरला लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत काही तासांत उरकलं. तो २० नोव्हेंबरला बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात दिसला आणि दुसऱ्या दिवशी ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा अल्बम आला. व्हिडिओने मोठा हात दिला हे खरं. पण वाट आधी रेडिओने केली होती. २९ नोव्हेंबरला गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि नऊ आठवडे हललं नाही. शेवटी त्याला खाली ओढलं ॲबा या स्वीडिश बँडच्या ‘मम्मा मिया’ने, आणि हेच शब्द या गाण्यातही आहेत!

या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचं ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ होतं. सिंगल विकली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखंच मानधन मिळतं, म्हणून मागच्या बाजूची ती जागा बँडमध्ये पुढे बराच काळ धुसफुशीचं कारण ठरली.

२४ नोव्हेंबर १९९१ ला मर्क्युरी गेला. डिसेंबरमध्ये गाणं पुन्हा निघालं, ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’च्या जोडीने, आणि त्याचं उत्पन्न एड्सविषयी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेलं. तेव्हा ते आणखी पाच आठवडे अव्वल राहिलं. म्हणजे १९९१ ही दुसरी खेप होती. नाताळच्या आठवड्यात तेच मुद्रण ब्रिटनमध्ये दोनदा पहिलं आलं, असं ते पहिलंच उदाहरण होतं. अमेरिकेत १९७६ मध्ये ते नवव्या क्रमांकापर्यंतच चढलं होतं. १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ चित्रपटामुळे दुसऱ्यापर्यंत पोहोचलं.

तिसरी चूक आपल्या भागाशी संबंधित आहे. ‘हे गाणं पाचगणीत जन्मलं’ हे वाक्य वाचून या परिसरात कुणालाही बरंच वाटेल, पण ते खरं नाही. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे पियानो वाजवायचा आणि शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये होता, एवढं पक्कं आहे. गाणं मात्र त्याने लंडनमध्ये लिहिलं. बोटं पाचगणीत तयार झाली, असं लिहिलं असतं तर ते अचूक ठरलं असतं आणि अभिमानालाही तेवढं पुरलं असतं.

जागेअभावी सगळं छापता आलं नाही, तरी निदान तीन गळ्यांबद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, वाई