ब्रेकचा झिजलेला पॅड ग्राहकाला मोजून दाखवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की गगनबावडा, आंबा, फोंडा आणि आंबोली घाटांतून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. निघण्याआधी इंजिन ऑइल बदलून होते, टायरची हवा बघून होते, एसीचा गॅसही भरून होतो. ब्रेकचे मात्र ‘लागतोय ना, मग झाले’ एवढ्यावर भागवले जाते. या विषयावर आपल्याकडे फार कमी बोलले जाते, म्हणून हे पत्र.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या काळात धुराची तपासणी ठरल्या मुदतीत करावीच लागते, पीयूसी नसेल तर दंड होतो. ब्रेक तपासण्याची सरकारी वेळ मात्र थेट पंधरा वर्षांनी, नोंदणीचे नूतनीकरण करताना येते. ट्रक, बस, टॅक्सी यांना ठरावीक मुदतीने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने परिवहन कार्यालयांना 250 मीटर लांबीचे ब्रेक चाचणी मार्ग करायला लावले, तेही त्याच फिटनेससाठी. आपल्या घरच्या गाडीचे ब्रेक म्हणजे मालक आणि मेकॅनिक या दोघांमधला मामला. त्यातला एक जाणकार, दुसऱ्याला त्यातले काही दिसत नाही आणि कळतही नाही. सगळी गोम इथे आहे.

माझाच अनुभव सांगतो. माझ्या छोट्या हॅचबॅकचा ब्रेक दाबला की पुढून बारीक चिरका आवाज येऊ लागला होता. पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी चकती, म्हणजे डिस्क, फिरते आणि कॅलिपर नावाची पकड तिच्यावर दोन्ही बाजूंनी पॅड दाबते. मागच्या चाकात ड्रम नावाच्या गोल डब्याला आतून लायनर दाबतात. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, मागचे लायनर, ब्रेक ऑइल आणि वर ‘ब्रेक क्लीनिंग’ असे साडेअठरा हजारांचे एस्टिमेट हातात पडले. पॅड किती झिजलेत, असे विचारले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, किलोमीटरनुसार सिस्टीममध्ये तसं दाखवतंय.” गाडी तोवर लिफ्टवर चढलीसुद्धा नव्हती. मी गाडी परत घेतली.

तिथून उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी चाक उतरवले, कॅलिपर उघडला, दोन्ही पॅड काढून माझ्या हातात दिले आणि जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. बाहेरच्या पॅडवर पाच मिलिमीटर मसाला (झिजणारा थर) शिल्लक होता, आतल्यावर जेमतेम दोन. “दोन्हींत एवढा फरक का, ते बघा,” म्हणत त्यांनी कॅलिपर जिच्यावर मागेपुढे सरकतो ती सरकपिन दाखवली. ती गंजून घट्ट बसली होती. पिन सरकत नसल्यामुळे सगळा दाब आतल्या पॅडवर येत होता. “नुसते पॅड बदलले असते तर परत आतलाच खाल्ला असता, साहेब.” मग त्यांनी डिस्क मोजली. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. माझ्या डिस्क त्या आकड्याच्या बऱ्याच वर होत्या, बदलायची काही गरज नव्हती. मागचे ड्रम उघडले तर लायनर चांगले निघाले, ते साफ करून ॲडजस्ट केले. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड, पिनांचे किट, नवीन ब्रेक ऑइल आणि मजुरी मिळून काम चार हजारांच्या आत झाले, तेही बिलासकट.

सर्व्हिस सेंटर वाईट आणि छोटी गॅरेजे चांगली, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पॅड झिजला की कॅलिपरचा पिस्टन थोडा बाहेर सरकतो आणि टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी खाली जाते. काही गॅरेजवाले अशा वेळी वरून ऑइल भरून देतात, पन्नास-शंभर रुपये घेतात आणि “ओके आहे” म्हणून पाठवतात. पातळी का उतरली, ते बघतच नाहीत. कोणी गुळगुळीत झालेला पॅड पॉलिश पेपरने घासून परत बसवतो. कोणी एकाच बाजूचा पॅड बदलतो. मग दाबताच गाडी एका अंगाला ओढते. पॅड आणि लायनर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे असतात, यात तडजोड नाही.

खरे तर झीज ओळखणे फार अवघड नाही. नव्या पॅडवर साधारण दहा ते बारा मिलिमीटर मसाला असतो, तो तीनच्या आसपास आला की बदलायचा. अनेक पॅडना छोटी पत्र्याची जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. तो आवाज म्हणजे अजून थोडी मुदत आहे. आवाज खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा येऊ लागला की मुदत संपली. मग डिस्कही खराब होते आणि हजारांचे काम खरोखरच बऱ्याच हजारांवर जाते. अलॉय व्हील असेल तर फटीतून मोबाइलच्या टॉर्चने बाहेरचा पॅड दिसतो. पण माझ्या गाडीत बाहेरचाच पॅड चांगला होता! म्हणून वर्षातून एकदा, आणि घाटात वरचेवर जाणाऱ्यांनी त्याहून लवकर, चाक काढूनच बघायला हवे.

ब्रेक ऑइलकडे तर आपण सगळ्यांत जास्त दुर्लक्ष करतो. पेडलवरच्या पायाचा दाब चाकांपर्यंत तेच पोहोचवते, आणि ते हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट 4 दर्जाचे कोरे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर पॅड, कॅलिपर सगळे तापते, ऑइलला उकळी फुटते, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून तळाला जाते. सपाट रस्त्यावर वर्षभर छान लागलेला ब्रेक नेमका वळणावर दगा देतो तो असा. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. खर्च पॅडपेक्षाही कमी.

डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये, काही जण तर इंजिन बंद करून उतार उतरतात. इंजिन बंद झाले की पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात ओढ मिळत नाही. एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका मालवाहू वाहनाने अठ्ठेचाळीसच्या आसपास गाड्यांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे पोलिसांनी सांगितले होते. आपण त्याला ‘ब्रेक फेल’ म्हणून मोकळे होतो.

आता पैशांचे. मोटार कंपन्या ब्रेकचे पॅड सहसा स्वतः बनवत नाहीत. बाहेरचे पुरवठादार बनवतात, आणि त्यातले बरेच जण स्वतःच्या नावाच्या खोक्यातूनही बाजारात विकतात. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा आपल्याकडच्या एखाद्या जुन्या दुकानात गाडीचे मॉडेल आणि साल सांगून असा चांगल्या नावाचा पॅड घेतला आणि मिस्त्रींना फक्त मजुरी दिली, तर खर्च बराच आटोक्यात राहतो. खोक्यावर उत्पादकाचे नाव, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली हवी. नसेल तर तो माल परत करावा. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराने कर लावलेला नाही ना, हेही बिलावर पाहावे. पक्के बिल मात्र घ्यावेच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही.

सुटे भाग फक्त आपल्याच डीलरकडून घ्यायला लावण्याची मोटार कंपन्यांची रीत भारतीय स्पर्धा आयोगानेही चुकीची ठरवली आहे. 2014 साली आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण आयोगाचा मुद्दा साधा होता: गाडीच्या मालकाला सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळाली पाहिजे. वॉरंटी जाईल या धाकाने लोक आजही दुसरीकडे जायला कचरतात.

माझी मागणी मोठी नाही. गॅरेज छोटे असो वा अधिकृत, जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) चारही चाकांच्या पॅडची आणि लायनरची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिली जावी, डिस्कचीही. बदलण्याआधी ग्राहकाला जुना भाग दाखवावा, बदलल्यावर तो त्याच्या हातात द्यावा. व्हर्निअर बहुतेक गॅरेजांत असतो आणि मोजायला पाच मिनिटे लागत नाहीत. जिल्ह्यातल्या गॅरेज चालकांच्या संघटनांनी हे आपणहून सुरू केले, तर सचोटीने काम करणाऱ्या मिस्त्रींचाच धंदा वाढेल. आणि परिवहन विभागाने व्यावसायिक वाहनांसाठीची ब्रेक चाचणीची यंत्रे खासगी गाड्यांनाही माफक शुल्कात, ऐच्छिक म्हणून, खुली करावीत. कोणत्या चाकाचा ब्रेक किती जोर धरतो, ते या यंत्राच्या रोलरवर आकड्यांत कळते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. भाजीपाल्याचे आणि सोन्याचे भाव आपण रोज छापता. गणपतीच्या पंधरा दिवस आधी, नेहमीच्या पाच-सहा गाड्यांचे पॅड, लायनर आणि ब्रेक ऑइल यांच्या चालू किमती आणि मजुरीचा साधारण दर एकदा छापावा. एस्टिमेट हातात आल्यावर ते कशाशी ताडून पाहायचे, हे तरी आम्हाला कळेल.

आपला,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर