बॅटन नव्हतं, स्टुलाचा पाय होता

संपादक साहेब, नमस्कार.

येत्या रविवारी आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, तीस वर्षांनी, आणि ग्रुपवर मार्कांचा विषय कुणीच काढंना, सगळे क्रीडा महोत्सवावरच घसरलेत. आदल्या दिवशी फक्कीनं ट्रॅक आखायचं काम आमच्या वर्गाकडं असायचं, घरी गेलं की आई म्हणायची पिठाच्या गिरणीत पडलास का काय. रिलेला बॅटन नव्हतं, मोडक्या स्टुलाचा पाय कापून त्याला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. फायनलला तिसऱ्या पोरानं तो माझ्या हातात दिला तेव्हा पट्टी घामानं सुटलेली, ती माझ्या अंगठ्यालाच चिकटली आणि लाकूड खाली! शेवटून पहिले आलो. (ग्रुपवर अजून मला 'चिकटपट्टी'च म्हणतात.)

खो-खोत मात्र आमच्या मुली लई भारी, पोल मारून (खांबाला धरून झेप घेत) गडी बाद करायच्या तर मैदान गप्प व्हायचं.

पीटीचे सर दरवर्षी भाषणात खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझ सांगायचेच, आम्ही मागं जांभया द्यायचो. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ घेतलं तेव्हा पहिली आठवण सरांचीच आली.

परवा हॉल बघायला शाळेत गेलो तर निम्म्या मैदानात पेव्हर ब्लॉक आणि गाड्या. उरलेल्या निम्म्यात रविवारी रिले लावणार आहोत, पन्नास मीटरचीच, गुडघे सगळ्यांचेच गेलेत. स्टुलाचा पाय कुणाकडं असला तर घेऊन या.

– एक माजी विद्यार्थी, शिवाजी पेठ, कोल्हापूर