उद्यमबागेतल्या मिस्त्रींना: तुम्ही तो टर्बो माझ्या हातात दिलात

मिस्त्री, नमस्कार.

तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. तुम्हाला ते चालायचं नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवायही कळेल. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण त्याआधी माझा अपमान झाला तोही चारचौघांतच झाला होता.

हे गेल्यापासून पिकअपचा सगळा व्यवहार माझ्याकडं आहे. स्टिअरिंगवर पुतण्या असतो. भाडं, डिझेल, हप्ता, टायर, इन्शुरन्स मी बघते. उचगाव-बेकिनकेरे भागातली रताळी आणि बटाटे बेळगावच्या एपीएमसीत टाकायचे, हंगामात कोल्हापूरपर्यंत न्यायचे, यावर आमचं घर चालतं. रताळ्याचा हंगाम तोंडावर आला आणि गाडी निळा धूर सोडायला लागली. परत येताना तवंदी घाटात रिकामी गाडीसुद्धा चढाला ओढेना. इंजिनातलं ऑइल कमी व्हायचं आणि खाली जमिनीवर तर एक थेंब दिसायचा नाही.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मला काचेच्या आड खुर्चीवर बसवलं. तिथल्या माणसानं हवेच्या पाइपात बोट घातलं, बोटाला ऑइल लागलं, आणि तेवढ्यावर निकाल दिला की टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, गेला, नवा घाला, पस्तीस हजारांच्या घरात जाईल. का गेला, असं मी विचारलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा, त्यांना समजावून सांगतो." आसपास पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. मी किल्ली घेतली आणि निघाले.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं जुन्या बाजारातला टर्बो आणून बसवला. काही दिवसांतच पुन्हा तोच धूर. परत गेले तर म्हणतो, जुन्या मालाला गॅरंटी नसते. आमचा मूळचा टर्बो मागितला, तर तो भंगारात गेला म्हणाला. माझी वस्तू मला न विचारता भंगारात कशी जाते, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

अशा मनःस्थितीत मी तुमच्या शेडमध्ये आले होते. खरं सांगते, तुम्हीही तेच सांगणार असं धरूनच आले होते. तुम्ही आधी विचारलंत ते टर्बोचं नव्हतंच. किती किलोमीटरला ऑइल बदलता, एअर फिल्टर कधी बदलला, धूर सकाळी सुरू करताना जास्त येतो की घाटात, ओझं किती भरता. मी वहीच काढली. तुम्ही वही हातात घेऊन पानं उलटलीत आणि म्हणालात, "अक्का, एवढं लिहून ठेवणारं गिऱ्हाईक मला मिळत न्हाई." त्या एका वाक्यानं माझा अर्धा शीण गेला.

टर्बो काढून तुम्ही बाकावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवलात, तेव्हा तो बघवत नव्हता. आत-बाहेर काळं, चिकट ऑइल. तुमचा पोरगा तारेचा ब्रश घेऊन पुढं झाला, तसा तुम्ही त्याचा हात धरलात. हवेकडच्या पात्या ॲल्युमिनियमच्या, त्यांना ओरखडा गेला, तोल बिघडला तर संपलं, असं त्याला शांतपणे सांगितलंत. मग डिझेलचा डबा, जुना टूथब्रश, मऊ कापड. तो घासत होता आणि तुम्ही दर थोड्या वेळानं टॉर्च मारून एकेक पाती बघत होता. कड कुठं उडाली आहे का, पात्या बाहेरच्या कवचाला घासल्याची रेघ आहे का. टॉर्च बाजूला धरून मलाही वाकून बघायला सांगत होता.

आणि मग ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे ती झाली. पात्या ज्या दांड्यावर फिरतात त्याचं टोक तुम्ही स्वच्छ कापडानं कोरडं पुसलंत, टर्बो माझ्यासमोर धरलात आणि म्हणालात, "आता तुम्ही बघा. धरा की, भ्यायचं काय काम न्हाई."

मी दोन बोटांत ते टोक धरलं. तुम्ही वर-खाली हलवायला सांगितलंत. किंचित हललं. माझा चेहरा पडला, तो तुम्ही बघितलात. म्हणालात, एवढं हलणारच. बेअरिंग ऑइलवर तरंगतं, गाडी चालू असताना तिथं ऑइलचा थर असतो, आता कोरडं आहे म्हणून हाताला लागतंय. पण पाती कवचाला टेकता कामा नये. मग आत-बाहेर ढकलायला लावलंत. मी ढकललं, ओढलं. हाताला काहीच लागलं नाही. पुन्हा ओढलं. "हे हललं असतं ना, तर मीच तुम्हाला सांगितलं असतं, फेकून द्या म्हणून. आता गोल फिरवा." फिरवलं. कुठं अडकलं नाही, घासलं नाही, सुटल्यावरही जरा फिरत राहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत. टर्बो चांगला आहे हे मला माझ्या बोटांनी कळू दिलंत.

मिस्त्री, इतक्या वर्षांत त्या गाडीचा एकही भाग कुणी माझ्या हातात दिला नव्हता. बिल दिलं, सह्या घेतल्या, पैसे मोजून घेतले. लाखाच्या वर फेरे मिनिटाला घेणारी ती वस्तू, जिच्यासाठी मी कर्ज काढायच्या विचारात होते, ती कशी असते हे मला पहिल्यांदा तुमच्या बाकावर समजलं. माझा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. तो सांगतो, वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात हवा भरायची ही कल्पना 1905 साली आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं पेटंट केली. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. ती एका बाईला पाच मिनिटांत समजावून सांगता येते हे तुम्ही दाखवलंत, आणि वातानुकूलित ऑफिसात बसलेल्याला तेवढं जमलं नाही.

मग ऑइल आलं कुठून, हे तुम्ही शोधलंत. टर्बोतलं ऑइल आपल्या वजनानंच खाली इंजिनात परत जातं, त्याला ढकलणारं काही नसतं, म्हणून वाट मोकळी पाहिजे, असं सांगून तुम्ही खालची रिटर्नची नळी काढलीत आणि तार घातलीत. चिंचोक्याएवढा सिलिकॉनचा गोळा बाहेर पडला. आधीच्या गॅरेजवाल्यानं सांध्यात बसवायच्या पट्टीऐवजी, म्हणजे गॅस्केटऐवजी, सिलिकॉन फासला होता आणि तो दाबून आत गेला होता. इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, म्हणजे ब्रीदर, तर त्याच्याही आधीपासून चोंदलेला. आत दाब साठत होता, ऑइलला खाली जायला वाट नव्हती, मग ते पात्यांकडून हवेच्या पाइपात जात होतं. तुम्ही म्हणालात, नवा टर्बो घातला असता तरी धूर हाच आला असता. आमचा मूळचा टर्बोही कदाचित चांगलाच असेल, असंही म्हणालात, आणि ते ऐकून मला रडू आलं. पस्तीस हजार वाचले म्हणून नव्हे. तो ह्यांनी हौसेनं घेतलेल्या गाडीचा होता.

तो गोळा तुम्ही कागदात बांधून दिलात. घरी दाखवला. सासूबाईंनी हातात घेऊन बघितला आणि गॅरेजवाल्याला काय बोलायचं ते बोलल्या.

टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून वाटीभर ऑइल निघालं तेव्हा तुम्ही पुतण्याला जवळ बोलावून जे सांगितलंत, त्यानं मला अजून झोप लागत नाही. एवढं ऑइल साठलं आणि इंजिनानं ते ओढलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही. हे पोर भरलेली गाडी घेऊन तवंदी घाट उतरलं होतं. मिस्त्री, ज्या माणसानं सिलिकॉन फासून, पैसे घेऊन, "काही होत नाही, न्या" म्हणून त्याला पाठवलं, त्याला मी माफ करणार नाही. पैशांचं सोडून देईन, हे सोडणार नाही.

आपल्या बेळगावात कसबाला तोटा नाही. फाउंड्र्या आहेत, हायड्रॉलिकचं काम आहे, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग होतात. हुशार हात इथं गल्लोगल्ली आहेत. पण गिऱ्हाइकाला आपल्या शेजारी उभं करून, उघडून, दाखवून काम करणारा माणूस मला इतक्या उशिरा भेटला. तुमच्या घरात कन्नड, माझ्या घरात मराठी. सीमेवरून इथं काय काय चालतं ते आपण दोघंही लहानपणापासून बघत आलो. त्या दिवशी बाकाजवळ त्यातलं काहीच नव्हतं. पोरगा तुमच्याशी कन्नडात बोलत होता, तुम्ही मला मराठीत सांगत होता, आणि टॉर्च तिघांत फिरत होती.

जोडताना तुम्ही टर्बोत आधी ऑइल भरलंत, सुरू केल्यावर लगेच रेस करू दिली नाहीत, आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवून मग बंद करायचं, हे पुतण्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत. तो आता तसंच करतो. ऑइलची पातळी मी स्वतः रोज सकाळी बघते. हलत नाही. नवरात्रात सगळी भाडी वेळेवर गेली, आणि खंडेनवमीला गाडीला हार घालताना सासूबाईंनी तुमच्या नावानंही एक नारळ फोडला.

दिवाळीच्या आधी ऑइल आणि फिल्टर बदलायला पुतण्या गाडी घेऊन येईल. मी बरोबर नसेन, त्या दिवशी एपीएमसीत हिशेबाचं काम आहे. तो लाजाळू आहे, आपणहून विचारत नाही, पण शिकायची फार इच्छा आहे त्याला. त्याला बाकाजवळ उभं करा. जमलं तर ब्रीदर त्याच्याच हातानं काढायला लावा.

तुमची,
रताळ्याच्या पिकअपवाली अक्का