फेसबुकचा तरुण होण्याचा हट्ट

मा. संपादक,
स. न.

तरुणांना ओढण्यासाठी फेसबुकने चालवलेली रंगरंगोटी पाहून गंमत वाटते. २००४ मध्ये हे हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी निघालं, २००६ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. मग मावश्या-काका आले आणि पोरं इन्स्टाग्रामकडे वळली. टिकटॉकच्या धास्तीने रील्स आल्या. जुलै २०२२ मध्ये तर मुख्य पानावर अनोळखी लोकांना मोकळं रान मिळालं आणि मित्रांच्या पोस्ट ‘फीड्स’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात गेल्या. मार्च २०२५ मध्ये अमेरिका-कॅनडात फक्त मित्रांचा कप्पा वाजतगाजत परत आणला. म्हणजे घरच्यांना आधी माडीवर धाडायचं, मग जिना बांधल्याचं कौतुक करून घ्यायचं!

मी निवृत्त शिक्षिका. १९८९ च्या दहावीची माझी मुलं मला इथेच सापडली. त्यातला एक चिपळूणला गॅरेज चालवतो. उघडलेल्या इंजिनाचे फोटो टाकतो, खाली चार ओळी लिहितो आणि मी त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारते. (तो अजूनही ‘दुरूस्ती’च लिहितो.) रील करणं त्याच्या स्वभावात नाही. नवी मंडळी खुशाल येवोत, पण मुख्य पानावर मित्र आधी की रील्स, हे ठरवायची मुभा वापरणाऱ्याला हवी.

– एक वाचक, कराड (जि. सातारा)