सरसकट जंतनाशक पाजणे थांबवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेळ्या-मेंढ्यांना जंतनाशक पाजूनही गुण येत नाही, अशी तक्रार आली की औषध भेसळीचे असावे हा पहिला संशय असतो. तो कधी खराही ठरतो. पण पुष्कळदा औषध चांगलेच असते, बदललेले असतात ते जंत. मेंढ्यांच्या जठरात राहून रक्त शोषणाऱ्या हिमॉन्कस या जंताचा इतिहास बोलका आहे. थायाबेंडाझोल १९६१ मध्ये बाजारात आले आणि त्याला न जुमानणाऱ्या हिमॉन्कसची नोंद १९६४ मध्येच झाली. १९८१ मध्ये आलेल्या आयव्हरमेक्टिनचीही ते दशक संपण्याआधी तीच गत झाली.

औषधामुळे जंताच्या अंगी नवी ताकद येते, हा समज मात्र चुकीचा आहे. या जंताची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते आणि एवढ्या संततीत जनुकांतले बारीक फरक आधीपासूनच असतात. अल्बेंडाझोलच्या गटातील औषधे जंताच्या पेशींतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्याचे काम बंद पाडतात. त्या प्रथिनाच्या साखळीत २०० व्या जागी फेनिलॲलनिनऐवजी टायरोसिन आले, की औषधाची पकड सुटते. असा जंत वाचतो, इतर मरतात, आणि पुढे काही आठवडे कुरणावर पडणारी जवळजवळ सगळी अंडी वाचलेल्यांचीच असतात.

म्हणूनच तारीख ठरवून अख्ख्या कळपाला औषध पाजण्याची पद्धत मला सर्वांत घातक वाटते. औषधाचा स्पर्श न झालेले जंत काही जनावरांत आणि कुरणात शिल्लक राहिले, तर त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारक जनुकांचे प्रमाण कमी राहते. सरसकट उपचाराने हा आधारच नाहीसा होतो. शिवाय कळपातील बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, त्यामुळे हिमॉन्कसचा त्रास असेल तेथे खालची पापणी उलटून पाहावी आणि जी फिकट दिसेल त्याच जनावराला औषध द्यावे. मात्रा नजरेच्या अंदाजाने नव्हे, वजन करून द्यावी. शेळीचे शरीर अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, तेव्हा मेंढीची मात्रा तिला अपुरी पडते.

पशुवैद्यकीय दवाखान्यांनी औषधापूर्वी आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी लेंड्यांतील अंडी मोजण्याची सोय करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोजणीत ९५ टक्क्यांहून कमी घट आढळली, तर त्या कळपात तेच औषध पुन्हा पाजू नये.

आपला,
एक पशुवैद्यक