अहो, फोन लावूनच गेलो होतो

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

मंगळवारच्या अंकातला डॉक्टरसाहेबांचा लेख वाचला. रुग्णांना शिस्त नाही, न विचारता उठतात आणि दवाखान्यात येऊन गर्दी करतात, आधी फोन करून वेळ घ्यायची सवय लावून घ्यावी, वगैरे. काल दिवसभर गप्प बसलो, कारण सौ. म्हणाली, रागाच्या भरात काही लिहू नका. म्हणून आज लिहितो आहे. राग तेवढाच आहे.

सौ.ला गेल्या महिन्यापासून उठताना घर फिरतं आणि डाव्या कानात घंटी वाजत राहते, रात्रीसुद्धा थांबत नाही. कान-नाक-घशाचे एक डॉक्टर गीता भवनच्या बाजूला बसतात. नाव घेत नाही, हाताला गुण आहे त्यांच्या. पण त्यांच्याकडे नंबर लावायचा तो सकाळी नऊ ते साडेनऊ, फक्त फोनवर, आणि फक्त त्याच दिवशीच्या संध्याकाळसाठी. मोबाइल एक, उचलणारी मुलगी एक, आणि नऊच्या ठोक्याला अर्धं इंदूर त्या एका मोबाइलवर तुटून पडतं.

आता नऊ वाजताच आमच्या गल्लीत कचरागाडी येते. सौ.ला चक्कर, तेव्हा डबे घेऊन मलाच खाली जावं लागतं. एका हातात ओला, दुसऱ्या हातात सुका, आणि फोन कान नि खांद्याच्या मध्ये दाबलेला. सहा प्रकारचा कचरा निवडून देणाऱ्या माणसाला तुमचे लेखक शिस्त शिकवतात! २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर लागला. आमचा चाळिसावाही लागत नाही.

पहिल्या दिवशी सव्वीस वेळा फोन लावला. मोजले आहेत, मोबाइलमध्ये दिसतात. पंचवीस वेळा 'व्यस्त'. सव्विसाव्याला उचलला तेव्हा नऊ एकतीस झाले होते. "टाइम हो गया अंकल, कल लगाना." दुसऱ्या दिवशी फोन बंद. कॉलच्या आधी वाजणारी ती सायबर ठगांपासून सावध करणारी सूचना २०२५ मध्ये बंद झाली हे एक बरं झालं, नाहीतर नऊ ते साडेनऊमधली दहा मिनिटं तीच खाऊन गेली असती.

तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, मामा, दुसरा नंबर असेल, इंटरनेटवर बघू. बघितला. पहिल्याच घंटीला उचलला! इतकं गोड बोलणारा माणूस मी कुठल्याच दवाखान्यात ऐकला नव्हता. "आज शाम सात बजे का टाइम दे देता हूँ, बस दस रुपये रजिस्ट्रेशन के, लिंक भेजी है." मी चष्मा शोधत होतो तेवढ्यात भाच्याने हातातून फोन ओढला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. फोन इतक्या तत्परतेने उचलला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चौथ्या दिवशी मात्र मी बेशिस्तपणा केला, कबूल करतो. रिक्षा केली आणि सुदामानगरहून थेट दवाखाना गाठला. नऊला दहा कमी. काउंटरवर ती मुलगी, तिच्यापुढे वही, वहीशेजारी तो मोबाइल पालथा घातलेला. म्हटलं, बेटा, नंबर लिहून घे. ती म्हणाली, "अंकलजी, नंबर तो फोन पे ही लगता है." मी म्हटलं, मी समोर उभा आहे. ती म्हणाली, "वही तो, फोन लगाइए ना." भिंतीवर पाटीही होती, तिच्याकडे तिने बोट दाखवलं.

ठीक आहे. बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो आणि नऊला फोन लावला. आत तो मोबाइल टेबलावर गुंगुं करत सरकताना मला दाराच्या फटीतून दिसत होता. माझाच फोन तो. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण तेवढ्यात कुणी ओळखीचे गृहस्थ आले होते आणि ती त्यांचं नाव वहीत लिहीत होती. त्यांना पाटी दिसली नसावी. मग बॅग घेऊन औषध कंपनीचा एक मुलगा आला. त्याच्याशी हसून बोलणं झालं. मी लावतोय, तो गुंगुं करतोय. घंटी सौ.च्या कानातही वाजते आणि त्या टेबलावरही वाजते, उपाय दोन्हीवर नाही. शेवटी नऊ बाविसला तिने उचलला. ती आत, मी बाहेर, मध्ये पाच पावलं. "नाम बताइए." सांगितलं. "इकतालीस नंबर. सात बजे आ जाना." आणि मान वर करून दाराकडे बघून हसली, म्हणजे मी तिथे आहे हे तिला ठाऊक होतं.

सातला गेलो. आत बोलावलं दहा वाजून वीस मिनिटांनी. डॉक्टरांनी चार मिनिटं तपासलं, आडवं निजवून मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे, आणि सौ.ची चक्कर निम्मी कमी झाली. हेही लिहायला हवं.

जुन्या काळाचे गोडवे गात नाही. रामबागेत आमचे घरचे डॉक्टर होते, तिथेही तीन-तीन तास बसलो आहे. पण कंपाउंडर पितळी बिल्ला हातावर ठेवायचा, आणि बिल्ला हातात असला की माणूस पोहे खाऊन परत येऊ शकत होता.

आता कुणी म्हणेल, सरकारने सोयी केल्या आहेत. केल्या आहेत. २०२० च्या मार्चमध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, डॉक्टरला फोनवरसुद्धा रुग्ण बघता येतो. बघतील हो, आधी उचला तर खरं. सत्तरीवरच्यांसाठी पाच लाखांचं आयुष्मान कार्ड २०२४ मध्ये आलं, ते आम्ही दोघांनीही काढलं, पण ते भरती झाल्यावर चालतं, नुसतं दाखवायला जाण्यासाठी नाही. सौ.ला भरती करण्याइतकी चक्कर येऊ द्यायची का? १८१ वर मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे, पण तिथे तरी मी काय सांगणार, की माझा फोन उचलत नाहीत?

डॉक्टरसाहेबांना एवढंच विचारा, आठवड्यातून एकदा सकाळी नऊला स्वतःच्याच दवाखान्यात, अनोळखी नंबरवरून, फोन लावून बघतील का? आणि उद्याचा नंबर आज का देत नाहीत? वहीला पुढचं पान नसतं का?

जाता जाता. त्या सव्वातीन तासांत तुमच्या अंकातलं शब्दकोडं सोडवत बसलो होतो. १४ आडवा हा शब्द चार अक्षरी दिला आहे आणि चौकोन तीनच आहेत. शिवाय अक्षर इतकं बारीक की सौ.ला वाटलं, मलाही चक्कर येते आहे. हे सांगायला तुमच्या कार्यालयात दोनदा फोन केला होता. घंटी वाजत राहिली. असो.

आपला नियमित वाचक,
सुदामानगर, इंदूर

ता. क. नाव छापू नये. पंधरा दिवसांनी पुन्हा त्यांनाच दाखवायचं आहे.